चपलांपाशी

नवरात्रात आमच्या गल्लीतून देवीला एक दिवसाची बस जाते. बायका दर्शनाला आत जातात आणि नवरे बाहेर चपलांपाशी थांबतात. इतकी वर्षं मीही तिथंच उभा राहिलो. आत देवी कशी सजवलीय, ते बायको परतताना बसमध्ये सांगायची.

औंदा ती नाही. उन्हाळ्यात गेली. जाताना म्हणाली, "देवीची ओटी चुकवू नका." म्हणून पिशवीत खण-नारळ घेऊन आलो, तर पाय सवयीनं चपलांपाशीच थांबले. शेजारी एक तरुण गडी बायकोच्या चपला राखत चिडचिडत होता. "एवढा वेळ काय करतात हो आत?"

"तेच बघायला जातोय," म्हटलं, "माझ्याबी चपला सांभाळा."

आत नारळ उलटा धरला. मागची बाई म्हणाली, "आजोबा, शेंडी देवीकडं करा." केली. देवी अगदी लहान होती. बायकोच्या बोलण्यावरून मी मोठी समजत होतो. तिच्यापुढं खण-नारळ ठेवला. "ती आली नाही," एवढंच बोललो.

बाहेर येऊन चपला घातल्या, तरी पाय निघेनात. चपला राखायच्या म्हणजे आत आपलं कुणीतरी असतं, हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

"काका, चला की!" बसवाला ओरडला. "कुणी यायचं राहिलंय का?"

"नाही," म्हटलं. पण देवळातून बायका अजून बाहेर येत होत्या, म्हणून जरा थांबलो.