चेहरा नसलेला पारा

आधीच सांगून टाकतो — मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आयुष्य ड्रॉइंग ऑफिसात गेलं. समोर जी रेघ असेल तीच गिरवायची, एवढंच मला येतं. हे सांगायचाही आता कंटाळा येतो, कारण ऐकणारा शेवटी "उन्हाचा भास असेल हो" म्हणतो आणि चहा मागवतो. असो…

साठ सालानंतरची गोष्ट. कतारमधला दुखानचा तेलाचा कॅम्प. मी तिथे ट्रेसर होतो, म्हणजे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवणारा. माझा चुलतभाऊ हसनभाई, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, तिथेच फिटर. रत्नागिरीहून मला त्यानेच बोलावून घेतलं होतं. दाब मोजायच्या गेजमधला पारा साफ करावा तो त्यानेच. मऊ चामड्यात पारा बांधायचा आणि मुठीत पिळायचा — मळ आत राहतो, स्वच्छ थेंब खाली वाटीत पडतात. हातमोजे दिलेले होते, पण हा घालील तर शपथ!

"मोजे घातले की पारा हाताला कळत नाही रे," म्हणायचा.

मग त्याचे हात थरथरायला लागले. हिरड्यांतून रक्त येई. डॉक्टरला दाखव म्हटलं, तर माझ्यावरच खेकसला.

"खबरदार कुणाला बोललास तर! खलास, दुसऱ्या दिवशी बोटीत बसवतील. गावात जाऊन काय करू? पडवीत बसून माश्या मारू?"

मी गप्प बसलो. त्याचा चहा अर्धाच कप भरून आणायचो, चारचौघांत सांडू नये म्हणून. त्याच्याबरोबर मीही लपवत होतो, आणि रोज भीती वाटायची की एक दिवस हा माणूस हातचा जाणार.

त्याच दिवसांत आमच्या ऑफिसच्या गोऱ्या साहेबाने एक जुनं चित्र आणलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, तीन-चारशे वर्षांपूर्वीचं, कडा किड्यांनी खाल्लेल्या. एक सिंह सूर्याला गिळतोय, बाजूला मुकुट घातलेला राजा, आणि मध्ये काचेच्या मोठ्या बाटलीत पायांना पंख असलेला एक तरुण. हे ट्रेस कर, मित्रांना कॉप्या पाठवायच्यात, म्हणाला.

"हा काय प्रकार आहे साहेब?" मी विचारलं.

त्याने मोडक्या हिंदीत समजावलं. ही किमयागारांची कृती आहे, चित्रात लपवलेली. राजा म्हणजे सोनं. सिंह म्हणजे सोन्याला खाणारं तेजाब. पंखवाला तरुण म्हणजे पारा — आच लागली की उडून जातो.

मी सगळं ट्रेस केलं, फक्त तिन्ही चेहरे कोरे सोडले. आमच्याकडे जिवंत प्राण्याचा चेहरा काढत नाहीत. वडिलांनी लहानपणी हातावर छडी मारून शिकवलं होतं. साहेब हसला. "ठीक आहे, चेहरे मी भरीन," म्हणाला आणि मीटिंगला गेला. मी दहा मिनिटं चहाला गेलो.

परत आलो तर राजा कोरा, सिंह कोरा. पण बाटलीतल्या तरुणाला चेहरा होता… दाढी, तुटकी डावी भुवई, खाली ओढलेले ओठ. हसनभाई! या अल्ला! बोट लावून पाहिलं — शाई वाळलेली. आणि रेघ माझीच होती, शेवटाला जराशी जाड होणारी. ती मी ओळखणार नाही तर कोण?

साहेब आला, वाकून बघितलं. "हा तर आपला पारावाला! तू काढलास?"

"नाही साहेब. मला वाटलं तुम्ही…"

"मी तर आत्ता येतोय."

त्याने लगेच ट्रेसिंगमधून उजेड पाडून छापणाऱ्या मशीनवर प्रिंट काढायला लावली. ट्रेसिंगवर शाई असेल तर ती प्रिंटवर उमटलीच पाहिजे, उजेड तिथून जातच नाही. सिंह आला, सूर्य आला, पंखही आले. चेहऱ्याच्या जागी मात्र कोरा कागद. तीन प्रिंट काढल्या, तिन्ही तशाच. साहेब ट्रेसिंग खिडकीशी धरून उलटसुलट बघू लागला.

हसनभाईही असाच उडून जाणार, असं वाटून माझा धीर सुटला. तसाच डॉक्टरकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं — हात, हिरड्या, अर्धा कप. संध्याकाळपर्यंत हसनभाईला तपासलं. आठ दिवसांत तो बोटीवर होता. निरोपाला गेलो तर त्याने तोंड फिरवलं.

गावी तो सुधारला. हात बऱ्यापैकी थांबले. पुढे खूप वर्षं जगला, पण माझ्याशी बोलला नाही. मी सुट्टीला गेलो की तो उठून आत जायचा. शेवटी एकदा मी वाट अडवली आणि चित्राची सगळी हकीकत सांगितली. वाटलं, आता तरी समजून घेईल.

त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "चेहरा माझा होता ना? मग डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे यायचं होतंस. मला दाखवायचं होतंस. मी स्वतः गेलो असतो."

त्या दिवशी हे मला का सुचलं नाही, माहीत नाही. त्या ट्रेसिंगवर चेहरा कुणी काढला, तेही माहीत नाही. खरं सांगू? दुसऱ्या प्रश्नाचा विचार मी केव्हाच सोडून दिलाय.