भाऊजी गाडी लावतात

गाडी चालवणारे आमच्या नागपुरात पैशाला पासरी मिळतील. गल्लीतलं शेंबडं पोरही चालवतं. पण गाडी उभी करता येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंगाने काडी, नाकावर घसरलेला चष्मा, जन्मभर कचेरीत बाबूगिरी केलेली, आणि वापरायला मात्र बुलेट. ही एवढी जड गाडी त्यांनी काय म्हणून घेतली, हे त्यांच्या आईवडिलांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्यावर बसलेले भाऊजी कसे दिसत ते मी सांगणार नाही. शेवटी घरचे जावई आहेत. चालवायचे तेही बैलगाडीच्या वेगाने. चालवणं म्हणजे त्यांच्या लेखी, एका जागी नीट लावलेली गाडी दुसऱ्या जागी नीट लावता यावी म्हणून मधे करावी लागणारी नसती उठाठेव होती.

जागा दिसली की आधी ताईला उतरवायचं. "दूर हो वं. अजून दूर." ताई पार समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिल्याशिवाय पुढचं काही होत नसे. मग बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतून ते कुठल्या बाजूला वाहतं ते बघायचं, म्हणजे उतार कळतो. पुढचं चाक चढाकडे करायचं. साइड स्टँडवर त्यांचा तिळमात्र विश्वास नव्हता. "एका पायावर कोण किती वेळ उभं राहते गा?" असं ते मलाच विचारत, जणू तो स्टँड मी शोधून काढला होता. म्हणून डबल स्टँड. तो लागला की टाकीला बोटाने ढकलून बघायचं, मागे सरून डोळे बारीक करायचे, मान हलवायची, आणि बहुतेक वेळा सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. कामठीला आमच्या चुलतभावाचं लग्न होतं. मंगल कार्यालयाबाहेरची जमीन भाऊजींना पसंत पडेना. अक्षता मुठीत धरून ते मांडवात आले तेव्हा नवरा-नवरी जेवायला बसले होते. ताई संतापून म्हणाली, "अहो, लग्न होऊन गेलं." त्यावर भाऊजी शांतपणे म्हणाले, "लग्न तं होतच राहतात वं. गाडी पडली तं कोण उचलन?" आणि त्या शिळ्या अक्षता त्यांनी जेवणाऱ्या जोडप्याच्या अंगावर टाकल्या. नवरीच्या वरणात पडल्या. तिकडची माणसं अजून आम्हाला ते ऐकवतात.

मे महिन्यात तर विचारू नका. आमच्याकडचं ऊन कसं असतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. डांबर मऊ पडतं, साइड स्टँडचा पाय त्यात हळूहळू रुततो, आणि तासाभराने भलीमोठी गाडी कोणी हात न लावता आडवी होते. त्यासाठी भाऊजी पिशवीत शहाबादी फरशीचे तुकडे बाळगत. स्वतःच्या गाडीसाठी नव्हे, लोकांच्या. भर उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना पोचवायला गेलो होतो. घाटावर इकडे चिता पेटलेली, माणसं माना खाली घालून उभी, आणि हे रस्त्यावर वाकून अनोळखी लोकांच्या गाड्यांच्या स्टँडखाली फरश्या सरकवताहेत. मयताच्या जावयाने दरडावून विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" भाऊजी म्हणाले, "कोणीच नाही. तुमची गाडी आता पडली असती." मला त्या चितेवर आपण असतो तर बरं, असं वाटलं. रागाने मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

मग एकदा चहा गाळता गाळता ताईने सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दोघं कुहीला नातेवाइकांकडे निघाले होते. वाटेत भाऊजींनी गाडी साइड स्टँडवर लावली आणि पाणी आणायला गेले. ताई तशीच मागे बसून राहिली. स्टँड डांबरात रुतला, गाडी डावीकडे कलली ती थेट ताईच्या घोट्यावर. नव्या साडीतली नवरी गाडीखाली, आणि एकट्याने उचलायची ताकद भाऊजींच्या अंगात नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारत ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ताई तेव्हापासून किंचित लंगडते. मी लहान होतो, आणि ती जन्मतःच तशी चालते असं धरून चाललो होतो. "ते या गोष्टीवर कधीच बोलले नाहीत, मग मीही नाही काढली," ताई म्हणाली. मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत एका शब्दानेही जे बोलता आलं नाही, ते हा माणूस रस्तोरस्ती फरश्या ठेवून फेडत होता, आणि आम्ही सगळे त्याला हसत होतो.

गेल्या वर्षी भाऊजींना झटका आला. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं. जीव वाचला, पण डावी बाजू गेली ती पुरती परत आली नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांनी वाकड्या झालेल्या तोंडाने विचारलं, "साळेबुवा, तुमची गाडी कुठं लावली?" धंतोलीत गाडी लावायला जागा असते का कुठे? मी म्हटलं, लावली कुठेतरी. ते डोळे मिटून पडून राहिले. घरी आल्यावर काठी घेऊन चालू लागले, बोलणंही सुधारलं, पण अंगणातल्या बुलेटकडे बघत बसत. पुण्याहून मुलाचे फोनवर फोन: विकून टाका, उगाच अंगावर पडेल. शेवटी कुहीकडचा एक तरुण मास्तर गाडी घ्यायला तयार झाला. एका रविवारी सकाळी तो आला, तेव्हा भाऊजींनी आपली अट सांगितली. मास्तरने फेरी मारून साइड स्टँडवर लावलेली गाडी ते स्वतः डबल स्टँडवर चढवणार. चढली तर गाडी घरीच राहील, आणि पुन्हा विकायचा विषय कोणी काढायचा नाही. नाही चढली तर मास्तरने घेऊन जावी. "आणि हात कोणी लावायचा नाही. तू आत जा वं."

ताई आत गेली. मी आणि मास्तर फाटकाशी उभे राहिलो. भाऊजींनी काठी भिंतीला टेकवली, डाव्या हाताने हँडल धरलं, उजव्याने मागची दांडी. गाडी सरळ केली, साइड स्टँड वर घेतला. आता उजव्या पायाने डबल स्टँड दाबायचा, तर अंगाचा सगळा भार डाव्या पायावर येतो, आणि डावा पाय तर त्यांचा राहिलाच नव्हता. एकदा दाबला, गाडी हलली नाही. पुन्हा दाबला. कपाळावरून घाम चष्म्यावर ओघळत होता. तिसऱ्या खेपेला गाडी किंचित उचलली गेली, आणि तेवढ्यात डाव्या हाताची पकड सुटून ती पलीकडे कलायला लागली. मी धावलो, पण फाटकापासून अंतर होतं. माझ्या आधी स्वयंपाकघराच्या दारातून ताई आली. पलीकडच्या बाजूने, जिकडे गाडी पडत होती तिकडून, तिने दोन्ही हात सीटला लावले आणि खांदा घातला. गाडी थांबली. सरळ झाली. भाऊजींचा पाय स्टँडवर होताच. गाडी खाडकन वर चढली.

"चढली की काका," मास्तर म्हणाला. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता.

भाऊजी गाडीकडे बघतच नव्हते. सीटच्या पलीकडे धापा टाकत उभ्या असलेल्या ताईकडे बघत होते. पदर खांद्यावरून घसरलेला, हाताला पिठाचे लपके.

"घेऊन जा गा," ते मास्तरला म्हणाले.

"अहो, चढली ना आता," ताई म्हणाली. "असू द्या घरी. मी धरत जाईन रोज."

"म्हणून तं देऊन राहिलो वं."

मास्तरने गाडी खाली उतरवली, सुरू केली आणि नेली. ती कशी लावायची, उतार कसा ओळखायचा, फरशी कुठली घ्यायची, यातलं अक्षरही भाऊजींनी त्याला सांगितलं नाही. पायरीवर बसून राहिले. मीही शेजारी बसलो. घरी जावं तर पाय निघेना. ताई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आमच्या मागे भिंतीला टेकून बसली. ऊन पायरीवर आलं तरी आम्ही हललो नाही.

"लई दुखलं होतं का वं तेव्हा?" भाऊजींनी मान न वळवता विचारलं.

"केव्हा?"

"कुहीच्या रस्त्यावर."

ताईने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "नाही जी," ती म्हणाली, "मी तं विसरली पण." मग भिंतीला हात लावत उठली आणि लंगडत आत चहा ठेवायला गेली.