अनोळखी माणसासाठी एक बाटली

आमच्या रक्तदान मंडळाची पहिली बैठक नागपूरच्या इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर झाली. खाली पितळेवर ठोकाठोक चाललेली, त्यामुळे प्रत्येकाला ओरडूनच बोलावं लागत होतं. दुकानाचे मालक आमचे शेजारी, मी त्यांना काका म्हणायचे. त्यांची बायको बाळंतपणात गेली होती. रक्त हवं होतं. काकांचा गट जुळला नाही आणि दवाखान्याबाहेर उभे असलेले तिचे सख्खे भाऊ एकेक करून निघून गेले. काकांनी हे त्या दिवशी सर्वांसमोर सांगितलं. आवाज चढवून सांगावं लागलं, म्हणून ते ऐकणं जास्तच जड गेलं.

मग म्हणाले, "आपल्या वस्तीत असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. बस."

मी तेव्हा शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. माडीवर बाई म्हणून मी एकटीच.

पहिल्या शिबिराला कुणीही आलं नाही. दवाखान्यातून आलेले डॉक्टर रिकाम्या खाटांकडे बघत चहा प्याले आणि परत गेले. रक्त दिलं की माणूस कायमचा अशक्त होतो, हे सगळ्या गल्लीला पक्कं ठाऊक होतं. आम्ही दुसऱ्या शिबिराचा दिवस लगेच ठरवला आणि शाळा सुटल्यावर घरोघर फिरू लागलो. लोक पाणी द्यायचे, बसवायचे, हो म्हणायचे. येतील असं मात्र वाटत नव्हतं.

म्हणून मी काकांना म्हटलं, "पहिली मी झोपते. खाट आत नको, ओट्यावर टाका. सगळ्यांना दिसू द्या."

दंडाला पट्टी बांधली तेव्हा समोर ही गर्दी जमली. तेवढ्यात आई आली. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. ती तशीच मागावरून उठून आली होती, केसांत सुताचे धागे.

"काहून वं, डोकं फिरलं का तुहं? लग्नाची पोरगी तू! उद्या कोण करन तुले?"

"आई, झालं की घरी येते. स्वयंपाकही मीच करते."

सुई टोचली. आईने तोंड फिरवलं, पण गेली नाही. काचेची बाटली भरेपर्यंत खाटेची कड धरून उभी राहिली. मी उठले, चहा घेतला, चालत घरी गेले आणि खरोखरच भाकऱ्या थापल्या. भीती वाटली नाही असं नाही. मध्येच आडवं व्हावंसं वाटलं. पण आई बघत होती, म्हणून शेवटची भाकरी होईपर्यंत उठले नाही.

त्या दिवशी माझ्यानंतर मोजकेच लोक झोपले, पण झोपले. पुढच्या वेळी आई स्वतःहून शेजारणींकडे गेली. "माह्या पोरीले पाहून राहिली ना तू? काय झालं तिले? चांगली शिकवून राहिली शाळेत."

मंडळाचा खरा नियम त्यानंतर ठरला. नरखेडकडच्या एका गावची बाई अवघड बाळंतपणासाठी नागपूरला आणली होती. तिच्यासाठी आमच्यातले दोघे गेले. बाई वाचली, मुलगीही. काही दिवसांनी तिचा नवरा एसटीने संत्र्यांची करंडी घेऊन माडीवर आला. काकांनी करंडी परत त्याच्या हातात दिली.

"हे नको गा. रक्त देशील?"

तो गोंधळला. "पण आता माही बायको तं बरी आहे."

"म्हणूनच. दुसऱ्या कोणाच्या बायकोले लागन."

मग करंडी खाली ठेवून त्याने सदऱ्याची बाही वर सारली. इथेच, आत्ताच घेतात असं त्याला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. काका त्याला सायकलवर डबलसीट घेऊन दवाखान्यात गेले.

तेव्हापासून आम्ही कुणाकडून काही घेतलं नाही. ज्याच्या घरी रक्त गेलं, त्या घरातल्या एकाने अनोळखी माणसासाठी द्यायचं, एवढंच मागितलं. काही जण पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्याही घरी आम्ही तेच मागायला पुन्हा गेलो.