उन्हाची काटकसर

ऊन वाया गेलं म्हणून हळहळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकी त्यांच्याच घरात सून म्हणून आले. अंबरनाथ पूर्वेला आमचं दोन मजली घर आहे. त्याच्या गच्चीवर माझे सासरे सकाळपासून उन्हाच्या मागे असतात. आधी गाद्या, मग डाळी, मग अंघोळीच्या पाण्याच्या बादल्या. सावली सरकली की ही सगळी वरात पुढे सरकते. पाहुण्यांनाही ते चहाच्या कपासकट वर नेतात. माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी असंच ‘हाडं शेकून घ्या’ म्हणत भर उन्हात बसवलं होतं. मुलगा घामाघूम झाला, पण लग्न जमलं. सासूबाई कधी वैतागून म्हणतात, “अहो, जरा टेका, सूर्य काय पळून चाललाय?” त्यावर सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं, “रोज पळतो. संध्याकाळी.”

मोरिवलीच्या कारखान्यांजवळ एक केंद्र निघालं. चार-पाच देशांनी मिळून काढलेलं, आणि तिथे परदेशातल्या बायकांना सोलरचं काम आणि कामापुरतं हिंदी शिकवायचे. हे ऐकताच सासऱ्यांनी वरची खोली आफ्रिकेतल्या मलावीहून आलेल्या एस्तेरला देऊन टाकली. तिच्या गावच्या दवाखान्यात रात्रीची बाळंतपणं बॅटरीच्या उजेडात होत, आणि परत जाऊन तिथे सोलर बसवायचं म्हणून ती घरदार सोडून आली होती. सासऱ्यांच्या कुतूहलाला उधाण आलं. “तुम्हारे उधर धूप कैसा? पापड सूखता क्या बराबर?” एस्तेरने पापड पाहिलेला नव्हता. पण तिच्याकडे वडीलधाऱ्यांशी गुडघे टेकून बोलतात, त्यांना नाही म्हणत नाहीत. ती म्हणायची, “जी, बाबा.” निघायच्या दिवशीही ती तशीच गुडघ्यांवर बसली. सासऱ्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि आमच्या गच्चीवरच्या सोलर प्लेटांकडे बोट दाखवून बजावलं, “प्लेट का मुंह दक्षिण में. भूलना नहीं.”

“जी, बाबा,” एस्तेर म्हणाली.

पुढे त्याच खोलीत मोझांबिकची एक बाई राहायला आली. तिलाही हा उपदेश मिळाला, पण ती मोठ्याने हसली. “बाबा, हम नीचे वाले. हमारा सूरज नॉर्थ में चलता है.”

मलावीही विषुववृत्ताच्या खालीच, हे लक्षात येऊन सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी गाद्या घरातच राहिल्या. “अगं, ती पोर कधी नाही म्हणत नाही,” ते मला म्हणाले. “मी सांगितलं म्हणून तिने उलट्या लावल्या असतील तर? बाळंतिणी अंधारात, माझ्या शहाणपणापायी!” मी समजावलं, की ती हेच शिकायला आली होती, तिला कळणार नाही का? “पापड वाळतात म्हणालीच ना ती?” ते ओरडले. “बघितला होता का तिने पापड?” मलाही धाकधूक वाटायला लागली.

कितीदा तरी प्रयत्न केल्यावर एकदाचा व्हिडिओ कॉल लागला. एस्तेरने आधी दवाखान्याचं छप्पर दाखवलं. सगळ्या प्लेटा उत्तरेकडे. मग आतला लख्ख दिवा, आणि त्याखाली बाळाला घेतलेली एक बाई. सासऱ्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग फोन घेऊन एस्तेर चालत आपल्या घरी गेली. तिथे छपरावर एकच लहानशी प्लेट होती, बरोब्बर उलट्या तोंडाची.

“ये बाबा का प्लेट,” ती म्हणाली. “साउथ.”

“जलता है क्या दिया?”

“जलता है. थोडा जल्दी सोता है.”

मला वाटलं, आता सासरे तिला फोनवरूनच छपरावर चढवणार आणि प्लेट फिरवून घेणार. त्यांनी तोंड उघडलंही. पण मग ते फोन डोळ्यांजवळ नेऊन ती प्लेट निरखू लागले, आणि म्हणाले, “अच्छा है, बेटा. रहने दो.”

हल्ली संध्याकाळी गाद्या खाली आणल्या, की ते पुन्हा वर जातात आणि कठड्याशी उभे राहतात. “एस्तेरकडे अजून ऊन असेल,” म्हणतात. त्यातलं थोडं आपल्यापायी रोज वाया जातं, हे त्यांना ठाऊक आहे.