मोटारीमागच्या वहिनी

"मांगच्याले दिसलं पाह्यजे," असं म्हणत वहिनी मोटारीच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या.

त्यांचे यजमान, आमचे शेजारी वकील, दर मंगळवारी बुलढाण्याहून मलकापूरच्या कोर्टात जात. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आणि गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. वकिलांना ऐकू फार कमी यायचं. कोर्टात ते कानामागे हात धरून निभावून न्यायचे. पण राजूरच्या घाटात मागून लॉरीनं कितीही भोंगा वाजवला तरी यांना पत्ता नसे. म्हणून वहिनींचा सगळा जीव त्या ब्रेकच्या लाल दिव्यात. वकिलांनी पेडल दाबायचं, वहिनींनी मागून दिवा बघायचा, मग खिडकीशी येऊन हात वर करायचा. तो हात दिसल्याशिवाय वकील गाडी हलवत नसत. इतका आज्ञाधारक वकील तुम्ही पाहिला नसेल.

एका मंगळवारी दिवा लागेना. मिस्त्री मलकापूरला, म्हणजे घाट उतरल्यावर. वकील घड्याळ दाखवू लागले. वहिनी आत गेल्या आणि तुरीच्या डाळीच्या डब्यातून नवा बल्ब घेऊन आल्या. फुटू नये म्हणून तो डाळीत पुरून ठेवलेला असे. पेचकसानं लाल काच काढली, जुना बल्ब दाबून फिरवला, बाहेर काढला, नवा पदरानं पुसून बसवला आणि काच परत लावली. एवढ्यानं त्यांना घाम फुटला होता. हल्ली त्यांना अंधुक दिसे, त्यात बल्ब स्वतः बसवलेला; आपल्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून कुंपणापलीकडून मला हाक मारली. मलाही कचेरीची घाई. सकाळचं ऊन थेट काचेवर आलेलं. ती लालभडक दिसली. मी म्हणालो, "लागला."

वहिनींनी हात वर केला. मोटार निघाली. पुढे वळणावर, कडुनिंबाच्या सावलीत, वकिलांनी ब्रेक दाबला आणि काच काळीच राहिली. मी पाहिलं ते नुसतं ऊन होतं. मी ओरडत धावलो, पण ऐकणार कोण?

परत येऊन वहिनींना खरं ते सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "भाऊ, तुमी लागला म्हटलं म्हणून म्या हात केला," एवढंच म्हणून त्या पायरीवर बसल्या. मी कचेरीत गेलोच नाही. रस्त्यानं येणारा प्रत्येक माणूस आमच्याकडेच बातमी घेऊन येतोय असं वाटे. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त.

दिवेलागणीला वकील सुखरूप आले. वहिनी थेट मोटारीमागे गेल्या, काच काढली, बल्ब दाबून नीट फिरवला. खुणेनं वकिलांना पेडल दाबायला लावलं. दिवा लागला, तेव्हा कुठे त्या रडल्या. वकील मला विचारत होते, "काय झालं हो इले?"

त्यानंतर हे काम त्यांनी कोणावर सोपवलं नाही. चष्मा करून घेतला, आणि काचेवर पदराची सावली धरून स्वतः बघू लागल्या.

पुढच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या. दिवसकार्य झाल्यावर पहिल्याच मंगळवारी वकील मोटारीत बसले. कोणी न सांगता मी मागे गेलो, दोन्ही तळहातांनी ऊन अडवलं, नीट पाहिलं. दिवा लागला होता. खिडकीशी जाऊन हात वर केला. वकिलांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पेडल दाबून ते समोरच्या छोट्या आरशात, मोटारीच्या मागे बघत बसले होते.