परकारभाईंचा शुक्रवारचा अर्धा तास

"नाव मागाहून सांगा, बाय. आधी गाव."

मस्कतमध्ये नव्या माणसाला पहिल्या भेटीत नोकरी विचारतात, व्हिसा विचारतात, फ्लॅटचं भाडं तर हमखास विचारतात. परकारभाईंनी मला गाव विचारलं. मी म्हटलं, पुणे, कोथरूड. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "कोथरूड हा पत्ता झाला. गाव सांगा. आजा कुठचा तुमचा?" शेवटी वाई तालुक्यातल्या, जन्मात दोनदा पाहिलेल्या एका खेड्याचं नाव मी सांगितलं, तेव्हा कुठे माझा अर्ज पुढे सरकला. त्या अर्जात गावाचा रकाना होता, तालुक्याचा होता, जिल्ह्याचा होता. शिक्षणाचा नव्हता. मी दोन पदव्यांची झेरॉक्स घेऊन गेले होते, ती तशीच परत आणली.

अर्ज होता प्रसारक मंडळाचा. मस्कतच्या रुवी भागातल्या एका खासगी एफएम स्टेशनवर आपल्याकडच्या भाषांचे लहान लहान कार्यक्रम होत असत आणि ते करणारे आम्ही सगळे हौशी लोक. कुणी शाळेत शिकवणारं, कुणी बँकेत, कुणी इस्पितळात नर्स. मल्याळी, तमिळ, गुजराती, मराठी मिळून वीस-बावीस जण. इब्राहिम परकार हे मंडळाचे सेक्रेटरी. मूळचे रत्नागिरीकडचे, मत्रहच्या बाजारात एका जुन्या कच्छी शेटच्या कापडदुकानात तीस वर्षं काढलेले. अध्यक्ष बदलत, सेक्रेटरी तेच राहत, कारण काम तेच करत. दर महिन्याला दोन पानांचं पत्रक काढायचं, त्यात 'सभासद वार्ता' लिहायची, स्टेशनला निवेदनं द्यायची आणि वर्षातून एकदा स्नेहसंमेलन घडवून आणायचं. संमेलनात प्रत्येक वक्त्याला दोन मिनिटं. वेळ संपली की परकारभाई स्वतः उठून माइकची वायर काढत. एकदा प्रमुख पाहुण्यांचीही काढली. पाहुणे पुढे दहा मिनिटं तसेच बोलले, पण ऐकू फक्त पहिल्या रांगेला गेलं.

त्यांचा जीव मात्र शुक्रवारच्या अर्ध्या तासात होता. सकाळी दहा ते साडेदहा, 'खबरबात'. त्यात गाणी थोडी, खबरा जास्त. कोण नवीन आलं, कोण कायमचं परत निघालं, कुणाला मुलगी झाली, कोण इस्पितळात आहे, कोण गेलं. प्रत्येक नावामागे गाव आणि तालुका. मी शहाणपणा करून एकदा म्हटलं, "परकारभाई, तालुका कशाला? वेळ जातो." ते म्हणाले, "बाय, ह्या मुलखात इस्माईल किती, गणपत किती! तालुका सांगितला की एकच उरतो. त्याच्या माणसाला कळतां, आपलाच तो." खबर शिळी झालेली त्यांना खपत नसे. "मासळी आणि खबर, आजची आज," हे त्यांचं नेहमीचं. कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करून ठेवा, असं स्टेशननं कितीदा सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. ते प्रत्यक्षच बोलत, समोर फोन ठेवून.

त्या फोनची एक रीत होती. आमचे ऐकणारे म्हणजे वर्कशॉपमधले, बोटींवरचे, दूरच्या कँपांतले कामगार. फोनचा बॅलन्स ते घरी बोलायला जपून ठेवत. म्हणून कार्यक्रम सुरू झाला की नुसती एक रिंग द्यायचे आणि बंद करायचे. याचा अर्थ, आवाज पोचला. परकारभाई तो नंबर वहीत उतरवून घेत आणि मान डोलवत, जणू समोरचा माणूस आत येऊन बसला आहे. "हे सूर बंदरावरचे आठ जण. आज सातच रिंगा वाजल्या, एक कोण नाय?" पुढच्या शुक्रवारी आठवी रिंग वाजेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. नावं त्यांना माहीत नव्हती. नुसते नंबर.

मग स्टेशनला नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. त्यानं परकारभाईंना बोलावून सरळ विचारलं, "परकारसाब, आपका प्रोग्राम सुनता कौन है?" परकारभाईंनी वही पुढे केली. त्यानं चाळली आणि परत दिली. "मिस्ड कॉल को मैं सुननेवाला नहीं मानता. जिसको सुनना है वो बात करेगा." येत्या शुक्रवारी तो स्वतः स्टुडिओत बसणार होता. अर्ध्या तासात लोक किती बोलतात ते बघून, कार्यक्रम ठेवायचा की नाही ते ठरवणार होता.

त्या आठवड्यात परकारभाई पार खचले. दुकानात कापड मोजताना चुकले, जे तीस वर्षांत झालं नव्हतं. मला म्हणाले, "बाय, ह्यांना फोनवर बोला म्हणून कसां सांगू? बोलायची सवयच नाय त्यांना. मुकादमासमोर न बोलता जन्म गेला." त्यांचे डोळे भरले होते. मला ते बघवलं नाही. आणि मी ती युक्ती काढली. होय, माझीच ती. मंडळाच्या सगळ्यांनी आळीपाळीनं फोन करायचा, श्रोते म्हणून बोलायचं. परकारभाई दोन दिवस 'नाय' म्हणत होते. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "एकदाच, बाय. फक्त एकदाच."

मंडळाचं ऐक्य त्या शुक्रवारी दिसलं तसं कुठल्याही संमेलनात दिसलं नव्हतं. फोन खाली ठेवायला फुरसत नाही. मल्याळी नर्सबाई हिंदीतून बोलल्या. गुजराती सभासदानं दोन वेगळ्या आवाजांत दोनदा फोन केला. माझी मुलगी तन्वी शाळेत दिवसभर इंग्लिश बोलते, तिनं घरातून अडखळत सांगितलं, "अंकल, मला तुमचा प्रोग्राम खूप आवडते, आम्ही सगळे एव्हरी फ्रायडे ऐकतो." मॅनेजर खूश झाला. जाताना त्यानं परकारभाईंचा हात हातात घेतला. "चलने दो, परकारसाब." आम्ही वादी कबीरच्या आमच्या घरी बिर्याणी मागवली. मी तर स्वतःवर इतकी खूश होते की दोनदा वाढून घेतली. परकारभाई जेमतेम जेवले. "सूरचा एकपण नंबर नाय आला आज," एवढंच म्हणाले.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी स्टेशनचं ऑफिस उघडलं आणि तिथल्या व्हॉट्सअॅपवर शुक्रवारी सकाळचा एक निरोप सापडला. सूरला लाकडी गलबतं बांधतात, तिथल्या एका सुतारानं पाठवलेला. त्याचा सोबती कासम, तालुका राजापूर, इस्पितळात अत्यवस्थ होता. कासमचा धाकटा भाऊ युसूफ मस्कतमध्येच कुठेतरी होता. पाच वर्षांपूर्वी भांडून वेगळा झालेला, नंबर बदललेला. पण 'खबरबात' तो चुकवत नाही, हे कासमला कुणीतरी सांगितलं होतं. रेडिओवर सांगा, तो ऐकेल, येईल, असं कासम म्हणत होता. सुतारानं दहापासून साडेदहापर्यंत फोन लावला होता. सारखा एंगेज. कासम शनिवारी गेला होता.

परकारभाईंनी मला फोन करून एवढं सगळं सांगितलं. मस्कतहून सूर मोटारीनं दोन-अडीच तास. युसूफ शुक्रवारी दुपारी भावाच्या उशाशी बसला असता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आपल्याला काय ठाऊक होतं?" ते म्हणाले, "लाईन आपली होती, बाय."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी कासमच्या मौतीची खबर दिली. नाव, गाव, तालुका. आवाज कापला नाही, पण गाणं लावायला विसरले. आणि युसूफनं ऐकलं, कार्यक्रम संपताच त्याचा फोन आला तेव्हा कळलं. वादी कबीरच्या एका गॅरेजमध्ये, गाडीखाली झोपून काम करता करता. आमच्या घरापासून ते गॅरेज चालत दहा मिनिटांवर होतं.

रविवारी परकारभाई माझ्या दारात उभे राहिले. "चला. त्याला सांगायला पायजे." मी म्हटलं, नका सांगू, आता त्यानं काय होणार? ते जिना उतरायला लागले होते. गॅरेजमध्ये युसूफ हात पुसत पुढे आला. तिशी-पस्तिशीचा, दाढी वाढलेला. परकारभाईंनी उभ्यानंच सांगितलं, "तुजा भाव फोन करवीत होता. आम्ही लाईन अडवून धरली होती. खोटे फोन करून. कार्यक्रम वाचवायला." मी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता हा हात उगारील. उगारला असता तर बरं झालं असतं. तो कितीतरी वेळ हात पुसतच राहिला. मग म्हणाला, "चाय घ्येनार?" त्यानं कागदी पेल्यांतून चहा आणून दिला. मी तो सगळा प्यायले.

महिन्याचं पत्रक निघालं. 'सभासद वार्ता'मध्ये एका सभासदाला मुलगा झाल्याची बातमी, एकाच्या बढतीची, आणि खाली तिसरी. अमुक शुक्रवारी मंडळाच्या सभासदांनी श्रोते असल्याचं भासवून फोन केले, त्यामुळे सूरहून येणारा फोन लागू शकला नाही, कासम, तालुका राजापूर, यांची भावाशी अखेरची भेट झाली नाही, मंडळ याला जबाबदार आहे. खाली सही, इब्राहिम परकार, सेक्रेटरी. पत्रक रिवाजाप्रमाणे स्टेशनलाही गेलं. मंडळात आकांत झाला. गुजराती सभासद ओरडले, "ये छापने की क्या ज़रूरत थी?" मीही भांडले परकारभाईंशी, खोटं कशाला सांगू! परकारभाई म्हणाले, "पोरगा झाला ती वार्ता, बढती झाली ती वार्ता. मग ही कोणाची?"

मॅनेजरनं महिनाअखेर कार्यक्रम बंद करायचं पत्र दिलं. त्याला फसवलं होतं, त्याचं काय चुकलं? मी निवेदन लिहिलं, दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. सह्यांसाठी घरोघर फिरले. ज्यांनी त्या शुक्रवारी हसत हसत फोन केले होते, ते आता दार किलकिलं करून म्हणत, "बघू, इन्शाल्ला." परकारभाई स्वतः चार वेळा स्टेशनच्या पायऱ्या चढले. शेवटच्या वेळी मॅनेजरनं एक अटही घातली. निरोपाचं भाषण नको, बंद होतोय असं हवेवर सांगायचं नाही. नुसतं थांबायचं.

शेवटच्या शुक्रवारी फोन फक्त एकच आला, बोलणारा. युसूफ. "भाय, येत्या शुक्रवारी भावाचा चाळिसावा. सूरला, त्याच्या खोलीवर, दुपारच्या असरच्या नमाजनंतर फातिहा. मी त्या दिवशी तिकडेच असेन, रेडिओ ऐकायचा नाय. पण सकाळी तुम्ही तेवढी खबर द्या. त्याच्या मौतीला कोण नव्हता. चाळिसाव्याला तरी गाववाले येऊ देत." स्टुडिओच्या काचेपलीकडे मॅनेजर उभा होता. परकारभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग माइकमध्ये म्हणाले, "देतंय."

पुढे दोन महिन्यांनी परकारभाई कायमचे रत्नागिरीला गेले. शेटनं दुकान मुलाकडे सोपवलं, मुलाला तरुण माणसं हवी होती. विमानतळावर आम्ही तिघं-चौघं होतो. तिकडून कधीमधी फोन येतो, बोलणं तब्येतीपलीकडे जात नाही. पण माझ्या मनात ते राहिलेत त्या चाळिसाव्याच्या शुक्रवारचे.

सकाळी पावणेदहाला मी मत्रहला पोचले तेव्हा ते बंद दुकानाच्या पायरीवर वही उघडून बसले होते. इस्त्रीचा सदरा, रेडिओवर जाताना घालायचे तो. दहाच्या ठोक्याला त्यांनी सूरचा पहिला नंबर लावला. "अस्सलामु अलैकुम, नमस्कार. ही खबरबात. मी इब्राहिम परकार बोलतोय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, ते म्हणाले, "नाय, तुम्ही फक्त ऐका." आणि पूर्ण खबर सांगितली, नाव, गाव, तालुका, असरनंतर. मग दुसरा नंबर. मग तिसरा. निम्मी यादी त्यांनी माझ्याकडे दिली. बरेचसे नंबर बंद झालेले, बरेच जण अनोळखी नंबर उचलत नव्हते. एकानं बंगालीत काहीतरी विचारून ठेवून दिला. सूरच्या आठांपैकी दोन लागले. दोघं इन्शाल्ला म्हणाले. साडेदहा वाजले तरी ते थांबले नाहीत. अकरा वाजता मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यांना गाडीत बसवलं.

कासमची खोली गलबतांच्या कारखान्यामागे होती. युसूफनं दोन चटया जोडून घातल्या होत्या, शेजारून आणखी एक मागून आणली होती. कोपऱ्यात खिम्याचं मोठं पातेलं, वर ताट झाकलेलं, बाजूला थाळ्यांची उंच चळत. तो निरोप पाठवणारा सुतार आला होता. आम्ही दोघं. असर झाली. युसूफ दारात उभा राहून रस्ता बघत होता. कुणी दिसलं की पुढे होई, तो माणूस सरळ निघून जाई.

थोड्या वेळानं तो आत आला. परकारभाईंच्या समोर उकिडवा बसला.

"भाय, रेडिओवर सांगितलांत ना?"

परकारभाईंचे ओठ हलले. मला वाटलं, आता हे सगळं सांगून टाकतील, जसं गॅरेजमध्ये सांगितलं होतं.

"सांगितला," ते म्हणाले.

"मंग येतील," युसूफ म्हणाला. "लांबून यायचां हाय लोकांना." आणि त्यानं थाळ्या मांडायला घेतल्या.