सही मिळणार नाही

सुनंदाकाकू हृदयविकारानं गेल्या, त्याला तीन आठवडे झाले होते. बख्शी का तालाब या गावातल्या एका बांधकामावरून मॅनेजरचा फोन आला. काकू गेल्याचं मी सांगितलं. "अरे, बहुत बुरा हुआ," तो म्हणाला, आणि त्याच श्वासात, "लेकिन मैडम का साइन तो आपके कंप्यूटर में होगा ना? पिछले महीने की तारीख डाल दीजिए. ट्रेनिंग के चालीस सर्टिफिकेट चाहिए."

बाई गेल्या तरी सही जिवंत हवी यांना!

काकू मूळच्या नागपूरच्या, राहायला जानकीपुरमला. उंचीवर काम करणाऱ्या मजुरांना अंगाला सुरक्षेचा पट्टा कसा बांधायचा, हे त्या शिकवायच्या... कुणाच्या नोकरीत नाही, स्वतःच्या हिमतीवर. माझी सल्लागार संस्था म्हणजे एक टेबल आणि एक प्रिंटर. कामं मी आणायचो, शिकवायच्या त्या. "पार्टनरला कुणी काकू म्हणतं का रे?" असं म्हणून हसायच्या. त्यांचा एक नियम होता : पट्टा बांधून प्रत्येकानं दोन मिनिटं लटकायचं, आणि सगळ्यांत आधी मॅनेजरनं. "मास्टरनी जी, अंगूठा लगवा लो, छुट्टी दो," मजूर म्हणायचे. "अंगूठा बाद में. पहले साहब लटकेंगे." मजुरांत हशा पिकायचा, साहेब चिडायचे, आणि पुढच्या वेळी चहा पिऊन सह्या करून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचे.

एकदा मीच म्हणालो, "काकू, या वेळी साहेबांना सोडा ना, यार. मोठं काम आहे." मी, कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटत वाढलेला! पट्ट्याची कडी तपासत, वरही न बघता त्यांनी विचारलं, "हे तुझ्या कुठल्या पत्रकात लिहिलंय?" मला राग आला होता. खरं बोलल्या म्हणूनच आला.

फोनवरच्या त्या मॅनेजरला मी नाही म्हटलं. "एक साइन ही तो है, भाई." एक सही? तिच्या जोरावर हा न शिकवलेली चाळीस माणसं चौथ्या मजल्यावर चढवणार, आणि कुणी पडलं तर दोष त्या बाईचा, जी आता उत्तर द्यायला येणार नाही!

काकूंची सही मी पुसून टाकली. मग हिंदीत एक पत्रक लिहिलं आणि सकाळी त्या बांधकामाच्या फाटकावर उभं राहून कामावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिलं : 'आपको पट्टा बाँधना किसी ने नहीं सिखाया है. सीखे बिना ऊपर मत चढ़िए.' एका मजुरानं ते सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचलं. डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. बाकीचेही थांबले.

"ठीक है भैया," तो म्हणाला, "तो सिखाएगा कौन?"

तिथे, त्या फाटकाशी, मला पहिल्यांदा रडू आलं.